दार न सोडणारी विद्यार्थिनी : डॉ. कमला सोहोनी



परीक्षांचे निकाल लागले, की मंडळीत येणाऱ्या प्रार्थना-विनंत्यांचे स्वरूप पालटते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणाला प्रवेश मिळालेला नसतो, कोणाचे वर्ष वाया गेलेले असते, कोणाचा मुलगा दूरच्या वसतिगृहात असतो आणि गेले तीन आठवडे त्याने घरी फोन केलेला नसतो. पाळक विनंती वाचतात, मंडळी आमेन म्हणते आणि पुढचे गीत सुरू होते. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली तो मात्र त्या वेळी कोठल्यातरी खोलीत एकटाच भिंतीकडे पाहत बसलेला असतो.

हा लेख त्याच्यासाठी, किंवा तिच्यासाठी, आहे. ती व्यक्ती तुम्हीच असाल, तर तुमच्यासाठी आहे.

भाषांतराच्या कामानिमित्त माझे काही काळ बेंगळुरूला वास्तव्य होते. अहिल्यानगर, जालना, मिरज, बेळगाव अशा ठिकाणची आपली मुलेमुली या शहरात शिकायला येतात. कोणी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला असते, कोणी अभियांत्रिकीला, कोणी ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात. एका संध्याकाळी मिरजेकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला तो बॅग भरूनच. दोन विषय राहिले होते. इंग्रजी कच्चे, कन्नड मुळीच येत नव्हते. त्यातच एका शिक्षकांनी सर्व वर्गासमक्ष त्याला सांगितले होते, की हा अभ्यासक्रम त्याच्यासारख्यांसाठी नव्हे. रात्रीच्या गाडीने तो कायमचा परत जायला निघाला होता. मी त्याला उपदेश केला नाही. करण्यासारखा उपदेश मला सुचलाही नाही. गाडीला अवकाश होता, म्हणून आम्ही मल्लेश्वरमहून यशवंतपूरच्या दिशेने चालत निघालो. वाटेत भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर लागतो. त्या रस्त्याला सर सी. व्ही. रामन यांचे नाव आहे. तेथून चालता चालता मी त्याला एक हकीकत सांगितली. त्या दिवशी ती घाईघाईने आणि अर्धवट सांगून झाली. आज ती नीट सांगतो.

ही संस्था १९०९ साली जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून उभी राहिली. तिच्यासाठी ३७१ एकर जमीन म्हैसूर संस्थानाने दिली. जुने बेंगळुरूकर तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी, विज्ञानात खरेखुरे संशोधन करावे असे ज्या भारतीय तरुणाला वाटे, त्याची दृष्टी या संस्थेकडे लागलेली असे. मुंबईच्या भागवत घराण्यातील नारायणराव आणि माधवराव हे दोघे बंधू तेथे रसायनशास्त्र शिकून आले होते. नारायणरावांच्या मुलींपैकी दुर्गा ही थोरली. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या आणि १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध करणाऱ्या दुर्गाबाई भागवत त्या याच. त्यांची धाकटी बहीण कमला. तिचा जन्म १९११ च्या जून महिन्यात इंदूर येथे झाला. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले तेथेच आपणही जायचे, हे या मुलीने मनाशी ठरवून टाकले होते. घरात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, हे विशेष.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय व भौतिकशास्त्र हा उपविषय होता. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. त्यांनी बेंगळुरूला अर्ज पाठवला. एवढे गुण असताना नकार येईल, अशी शंका घेण्यासही जागा नव्हती. पण नकार आला. कारण गुणांचे नव्हते, पात्रतेचेही नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. १९३० साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि १९३३ साली या संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पारतंत्र्यातल्या देशाचे मस्तक ज्यांनी उंच केले, त्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते. त्यांच्या शब्दापुढे जाण्याची कोणाची छाती नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो. कोणा क्षुद्र माणसाने आपल्याला नाकारले, तर त्याला नावे ठेवून मन मोकळे करता येते. ज्याच्याविषयी आपल्या मनात आदर आहे, ज्याच्या हाताखाली शिकावे असे स्वप्न आपण पाहिले आहे, त्यानेच दार लावून घेतले, म्हणजे जखम अधिक खोल जाते. मग आपल्यातच काही उणे असेल, असे वाटू लागते. तुमच्यापैकी पुष्कळांना हा अनुभव आला असेल.

कमलाबाईंना आपल्यात उणे असल्याचे वाटले नाही. त्या मुंबईहून बेंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी कारण विचारले. वडिलांनी व काकांनी रदबदली करून पाहिली होती, तिचा उपयोग झाला नव्हता, असे सांगतात. मिठाचा सत्याग्रह होऊन अवघी तीन वर्षे लोटली होती. महात्मा गांधींच्या विचारांचा ठसा त्या पिढीतल्या कोणत्याही विचारी तरुणावर होता, तसा या बावीस वर्षांच्या मुलीवरही होता. प्रवेश मिळेपर्यंत आपण येथून हलणार नाही, असे सांगून त्यांनी संचालकांच्या कार्यालयाशी सत्याग्रह आरंभला. त्या हटल्या नाहीत, त्यांनी अपशब्द वापरला नाही आणि मागणीही खाली आणली नाही.

अखेर रामन नमले. पण पूर्ण नमले नाहीत. त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. ते वर्ष परीक्षेचे होते आणि संचालकांची खात्री पटल्याखेरीज त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे, वेळ पडल्यास रात्री उशिरापर्यंत, त्यांनी काम करायचे होते. शिवाय प्रयोगशाळेतील वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, हीही अट होती.

ही तिसरी अट वाचताना आजही संताप येतो. शिकायला आलेल्या मुलीला, तिचे येथे असणे हाच एक उपद्रव आहे, असे तोंडावर सांगणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांनीही करावा. आपल्या संस्थांतूनही स्त्रियांविषयी असे बोलले गेलेले मी ऐकले आहे, आणि ते ऐकून मी पुष्कळदा गप्प बसलो आहे.

मग अशा अटी मान्य का केल्या? स्वाभिमानी माणसाने कागद फाडून फेकून द्यावा आणि घरी निघून जावे, असे काही वाचकांना वाटेल. माझे मत वेगळे आहे. अट मान्य करणे आणि अट न्याय्य आहे असे मानणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कमलाबाईंनी पहिली गोष्ट केली, दुसरी आयुष्याच्या शेवटापर्यंत केली नाही. त्यांना हवी होती ती प्रयोगशाळा. ती मिळत असेल तर अपमानाचे ओझे एक वर्ष वाहायची त्यांची तयारी होती. ते ओझे आपल्या लायकीचे आहे असे मात्र त्यांनी क्षणभरही म्हटले नाही. मला वाटते, कठीण काळात टिकून राहणारी माणसे आणि मनाने मोडून जाणारी माणसे यांच्यात पुष्कळदा एवढाच फरक असतो.

दाराशी केलेला सत्याग्रह लोकांना आठवतो, कारण त्यात नाट्य आहे. पण खरी कठीण गोष्ट त्यानंतर सुरू झाली. ते वर्ष कसे गेले असेल, याची कल्पना करा. पहाटे पाच वाजता दिवस सुरू होई, तो रात्री दहाला संपे. मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. ते अतिशय कडक होते, पण या विद्यार्थिनीची ज्ञानाची भूक त्यांनी ओळखली. जीवरसायनशास्त्रातील जुने मूलभूत लेखन व नवे संशोधन या दोन्हींचे वाचन त्यांनी करवून घेतले आणि त्या विषयातील नामवंत शास्त्रज्ञांना पत्रे लिहून शंका विचारण्याचा सल्ला दिला. कमलाबाई वाचीत होत्या, लिहीत होत्या, प्रयोग करीत होत्या. मात्र त्यातील काहीही, वर्ष संपून संचालकांनी मान डोलावल्याखेरीज, कोठेही धरले जाणार नव्हते. तीनशे पासष्ट दिवस काम करायचे आणि ते मोजले जाईल की नाही हेच ठाऊक नसायचे!

येथे मला माझ्या कामातील एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. वाचक क्षमा करतील. नव्या करारात एक ग्रीक शब्द वारंवार येतो : ‘हुपोमोने’. मराठीत त्याच्यासाठी बहुधा ‘धीर’ हा शब्द योजला जातो. भाषांतर करताना या शब्दाशी मी अनेकदा अडलो आहे. ‘सहनशीलता’ म्हणावे तर माणूस नुसता सोसत बसला आहे असे चित्र उभे राहते. ‘चिकाटी’ म्हणावे तर ओझे दिसत नाही, केवळ खटपट दिसते. मूळ शब्दाची फोड केली तर त्याचा अर्थ ‘खाली थांबून राहणे’ असा होतो. ओझ्याखाली थांबणे, पण बसून न जाणे आणि पळूनही न जाणे. लूकच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात पेरणाऱ्याच्या दाखल्याचा उलगडा जेथे संपतो, तेथेही हाच शब्द आहे. चांगल्या जमिनीतले बी धीराने फळ देते. बी जमिनीखाली असते तेव्हा वरून काहीच दिसत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. कमलाबाईंचे बेंगळुरूतले पहिले वर्ष असे जमिनीखालचे होते.

आणि योगायोग असा, की त्यांनी अभ्यासासाठी घेतलेला विषयही बियांचाच होता. दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम सुरू केले. आपल्या देशात गोरगरिबांच्या ताटात मांस, अंडी क्वचितच येत. त्यांचे पोषण होई ते तूर, मूग, हरभरा, वाल, मटकी यांवर. या दाण्यांत नेमकी कोणती प्रथिने आहेत, ती किती आहेत, शरीराला ती कितपत लागू पडतात, हे शास्त्रीय रीतीने कोणीतरी तपासणे आवश्यक होते. पाश्चात्त्य प्रयोगशाळांना वालाच्या उसळीचे काय अप्रूप! ज्या मुलीला प्रयोगशाळेतला उपद्रव ठरवले होते, ती कष्टकऱ्यांच्या जेवणाचा शोध घेत होती.

वर्ष संपले. रामन यांनी काम पाहिले आणि त्यांची खात्री पटली. कमलाबाई नियमित संशोधक विद्यार्थिनी झाल्या. एवढेच झाले असते तर ही एका व्यक्तीची यशोगाथा म्हणता आली असती. परंतु त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले गेले. पुढील काळात खुद्द रामन यांच्या हाताखाली मुलींनी संशोधन केले. १९४० साली त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या ॲना मणी या त्यांपैकीच एक. केरळातील सीरियन ख्रिस्ती घराण्यात जन्मलेल्या या मुलीने हिरे व माणके यांवर पडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला आणि १९४५ साली मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. तिच्याजवळ एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणास्तव विद्यापीठाने तिला पीएच.डी. दिली नाही. ती खचली नाही. इंग्लंडला जाऊन हवामानशास्त्राची उपकरणे शिकून आली आणि पुढे भारतीय हवामान खात्याची उपकरणे देशातच तयार होऊ लागली, त्या कामाची ती मुख्य सूत्रधार ठरली. तेव्हा दार एकदा उघडले म्हणजे सर्व दारे उघडली, असे होत नाही. एकीला जे दार लागते ते दुसरीला वेगळ्या ठिकाणी लागते.

१९३६ साली कमलाबाईंना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथील जीवरसायन प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्या प्रयोगशाळेत गर्दी एवढी, की काम करायला टेबल मिळणे कठीण. डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्याकडचे एक टेबल त्यांना दिवसा वापरायला दिले आणि रात्री त्याच टेबलावर ते स्वतः झोपत, असे सांगितले जाते. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्यांनी डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असता त्यांना दिसून आले, की वनस्पतींच्या पेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ नावाचे द्रव्य आहे. पेशीच्या श्वसनक्रियेत हे लोहयुक्त प्रथिन महत्त्वाचे काम करते. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले होते. प्राण्याचा श्वास आणि बटाट्याच्या फोडीचा श्वास यांचे आतले यंत्र एकाच जातीचे आहे, ही गोष्ट या कामाने अधिक स्पष्ट झाली.

त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. आजकाल पाचशे पानांचे बाड विद्यापीठाच्या पायरीवर आणून आदळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. सुमारे चौदा महिन्यांच्या कामावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. इंग्लंडमधील विद्यापीठातून विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तरी त्यातही एक काटा होता, तो सहसा कोणी सांगत नाही. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्वासह पदव्या देणे १९४८ साली सुरू केले. त्यापूर्वीच्या स्त्रियांना पदवीचे नाव मिळे, विद्यापीठातील हक्क मिळत नसत. म्हणजे बेंगळुरूहून सात समुद्र ओलांडून गेलेल्या विद्यार्थिनीला तेथेही अर्धेच दार उघडे मिळाले. त्या अर्ध्या दारातून त्या आत गेल्या आणि आपले काम करून आल्या.

येथवर वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, की हे सर्व ठीक. पण त्या गुणवत्ता यादीत पहिल्या आलेल्या, शिकलेल्या घरातल्या. माझे दोन विषय राहिले आहेत, घरी कर्ज आहे, माझी त्यांच्याशी काय तुलना? आक्षेप खरा आहे. मिरजेच्या त्या विद्यार्थ्यानेही हेच म्हटले होते. म्हणून मी त्याला आणखी एका मुलीची गोष्ट सांगितली, ती आपल्या घरातलीच आहे. अहमदनगरचे हरिपंत खिस्ती हे त्या भागातील अगदी आरंभीच्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांपैकी एक. त्यांची मुलगी कृपाबाई १८६२ साली जन्मली. वडील लहानपणीच गेले. ज्या भावाने तिला शिकवले तो भास्करही अकाली गेला. वैद्यक शिकायला तिला इंग्लंडला पाठवण्याचे ठरत होते, पण प्रकृती नाजूक म्हणून ते राहिले. १८७८ साली ती मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि पहिल्या वर्षी तिने उत्तम यश मिळवले. मग शरीराने साथ सोडली आणि तिला अभ्यासक्रम सोडून परत यावे लागले. ती डॉक्टर कधीच झाली नाही. मात्र पुढे कृपाबाई सत्तिअनादन या नावाने तिने इंग्रजीत ‘सगुणा’ ही कादंबरी लिहिली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. तिने मुलींसाठी शाळाही चालवली. १८९४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ती वारली. कमलाबाईंना दार उघडले, कृपाबाईंना ते सोडून यावे लागले. अभ्यासक्रम सोडला म्हणून कृपाबाई हरल्या, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तेव्हा कोणत्या ओझ्याखाली थांबायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे ज्याचे त्यानेच, पण एकट्याने नव्हे, ठरवायचे असते. कमलाबाई एकट्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. त्यांच्यामागे वडील होते, काका होते. प्रयोगशाळेत रागावणारे, पण शिकवणारे श्रीनिवासय्या होते. केंब्रिजला आपले टेबल देणारे रिक्टर होते. तुमच्या महाविद्यालयात शंभर माणसे तोंड फिरवून बसली असतील, तरी शिकवणारा एक कोणीतरी असतो. त्याला शोधून काढा. मनातला अंधार फारच दाट झाला असेल, झोप उडाली असेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर ती गोष्ट आजच कोणाला तरी सांगा : घरच्यांना, पाळकांना, शिक्षकांना, डॉक्टरांना. अशा वेळी डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे जे सांगतात, त्यांचे ऐकू नका.

कमलाबाई १९३९ साली स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायन विभागाची धुरा घेतली. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक होत्या. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले व संशोधन केले. बेंगळुरूला हाती धरलेला कडधान्यांचा धागा त्यांनी सोडला नव्हता. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते. कच्चा दाणा त्यामुळे अंगी लागत नाही आणि शिजवल्यावर त्या द्रव्याचा जोर बराच ओसरतो. आपल्या आज्या वाल रात्रभर भिजत घालून, सोलून, मऊ शिजवीत, त्यातील शहाणपण अशा संशोधनामुळे कळू लागले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचाही अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग होतो, असे त्यांच्या कामातून दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या प्रतीविषयी सल्ला दिला.

एवढे करूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले. ते पद मिळाले तेव्हा बेंगळुरूच्या त्या सत्याग्रहाला दोन तपांहून अधिक काळ लोटला होता. या चार वर्षांविषयी कोठे फारसे लिहिलेले नाही, कारण त्यांत काही घडलेच नाही. रोज कामावर जायचे, शिकवायचे, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासायचे, आणि आपल्याला जे मिळायला हवे ते आजही आलेले नाही हे पाहून घरी यायचे.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांच्या हक्कांसाठी जी संस्था स्थापन केली, तिच्या कार्यात त्या रमल्या. १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षाही होत्या. अन्नातील भेसळ सामान्य गृहिणीने घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्यांनी सोप्या भाषेत लिहून सांगितले. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई हळदीतली आणि तिखटातली भेसळ पकडायला शिकवीत होती, याचे मला फार कौतुक वाटते.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. उतारवयात, स्त्री-शास्त्रज्ञांच्या एका मेळाव्यात, बेंगळुरूच्या प्रसंगाची आठवण निघाली तेव्हा कमलाबाईंनी ती झाकून ठेवली नाही. रामन थोर शास्त्रज्ञ होते हे त्यांनी मान्य केले. पण स्त्री म्हणून त्यांनी आपल्याला जी वागणूक दिली ती आपण विसरू शकत नाही, हेही त्यांनी सांगितले. साठ वर्षे उलटली होती, सर्व मानसन्मान मिळून चुकले होते. तरी जे अन्यायाचे होते त्याला त्यांनी अन्यायच म्हटले. आपण ख्रिस्ती माणसे क्षमेविषयी पुष्कळ बोलतो, आणि बोललेच पाहिजे. परंतु क्षमा करणे म्हणजे घडलेले घडलेच नाही असे म्हणणे नव्हे. त्यांच्या मनात क्षमा होती की नव्हती, हे ठरवणारे आपण कोण? त्या कटुतेने काम सोडून बसल्या नाहीत एवढे मात्र सर्वांना दिसले.

मिरजेचा तो विद्यार्थी त्या रात्री गाडीने गावी गेलाच. माझ्या गोष्टीने त्याचे मन पालटले, असे खोटे मी लिहिणार नाही. पंधरा दिवसांनी तो परत आला. आईने पाठवले, म्हणाला. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक पहिल्या प्रयत्नात सुटला. दुसऱ्याला आणखी दोनदा बसावे लागले. ज्या शिक्षकांनी त्याला सर्वांसमक्ष बोल लावला होता त्यांच्याच तासाला तो पहिल्या बाकावर बसू लागला. तसे का, ते त्याने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

१९९८ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार योजला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई आपल्यातच आहेत आणि देशाला त्यांचा जवळजवळ विसर पडला आहे, हे परिषदेच्या प्रमुख डॉ. सत्यवती यांच्या ध्यानात आले होते. कमलाबाई मुंबईहून दिल्लीला गेल्या. सभागृह भरलेले होते. सत्कार चालू असतानाच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले.